खोटी टाकी आणि खरे धाडस

पुण्यात काही वर्षांपूर्वी भरलेल्या जुन्या वाहनांच्या एका मेळाव्यात होंडा कारखान्याची १९७० च्या दशकातील एक गोल्ड विंग उभी होती. भोवती जमलेल्या पोरांची उत्सुकता पाहून तिच्या वयोवृद्ध मालकांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण वर उचलले आणि टाकीच्या दोन्ही बाजू, जुन्या घरातल्या पितळी पानदानाचे कप्पे उघडावेत तशा, अलगद बाहेरच्या अंगास पाडून दाखविल्या. आत पेट्रोलचा थेंबही नव्हता. विजेच्या तारांच्या जुड्या होत्या, फ्यूज होते, रेडिएटरच्या पाण्याची एक लहानशी बाटली होती, आणि बॅटरी उतरलीच तर इंजिन लाथेने चालू करता यावे म्हणून ठेवलेली किकची सुटी दांडी होती. “मग पेट्रोल कुठंय, काका?” असे एका पोराने विचारले, तेव्हा काकांनी बैठकीवर थाप मारली. “इथं. मी बसतो त्याच्या खाली.”

हा प्रसंग माझ्या मनात रेंगाळत राहिला, याचे कारण असे की क्रूझर आणि टूरिंग या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दूर पल्ल्याच्या फटफट्यांच्या आकृतिकलेत गेल्या शंभर वर्षांत जे जे धाडस झाले आणि जी जी लबाडी झाली, ती दोन्ही मला त्या उघड्या पडलेल्या खोट्या टाकीत शेजारी शेजारी बसलेली दिसली. पेट्रोल बैठकीखाली नेले म्हणजे वाहनाचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि ते वळविण्यास, सावरण्यास सुलभ होते, हे धाडस. आणि ग्राहक बिचकू नये म्हणून जुन्या जागी टाकीचा नुसता घाट कायम ठेवणे, ही लबाडी. त्या काळी लबाडी धाडसाची चाकर होती. आज प्रदर्शनांतून मांडल्या जाणाऱ्या संकल्पना-दुचाकी पाहताना वाटते ते असे की चाकर तेवढा कामावर राहिला आहे आणि धनी घर सोडून गेला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे; ते सिद्ध होते की नाही हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शर्यतीच्या वाहनाला घड्याळ हा निष्ठुर परीक्षक असतो. नवी कल्पना खरी की खोटी हे तो सेकंदांत सांगून टाकतो, आणि म्हणून शर्यतीच्या दुचाकीचा घाट वारंवार बदलत राहतो. दूर पल्ल्याच्या दुचाकीला असा परीक्षक नाही. तिच्यावर बसणारा इसम वेळ वाचविण्यासाठी नव्हे तर वेळ घालविण्यासाठी घराबाहेर पडलेला असतो, आणि त्याच्या मनात त्या वाहनाचे जे चित्र असते ते बहुधा त्याने लहानपणी पाहिलेल्या कुणाच्या तरी गाडीचे असते. अश्रूच्या थेंबासारखी टाकी, खोलगट बैठक, रुंद हँडल, पुढचे चाक धरणारा, पुढे कललेला लांब चिमटा: या चार गोष्टींची वहिवाट या क्षेत्रात इतकी पक्की झालेली आहे की तिच्याविरुद्ध जाणाऱ्या कारागिराला एखाद्या देवस्थानच्या पूजाविधीत फेरफार सुचविणाऱ्यासारखे वाटावे.

तथापि ही वहिवाट पडण्यापूर्वीचा एक काळ होता, आणि तो मोठ्या मोकळ्या मनाचा होता. कार्ल नेराकर या अमेरिकन अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आखलेली आणि १९२१ पासून न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे तयार होऊ लागलेली ‘नेर-अ-कार’ पाहा. नावात कर्त्याचेही नाव आहे आणि ‘जवळजवळ मोटार’ असा श्लेषही आहे. तिची बैठक खुर्चीसारखी खाली, पाय पुढे पसरलेले, आणि पुढचे चाक चिमट्यात धरलेले नसून चाकाच्या तुंब्यातच सुकाणूची यंत्रणा बसविलेली. हे खेळणे नव्हते. अर्विन बेकर हा त्या काळचा प्रसिद्ध पल्लेबहाद्दर १९२२ मध्ये हीच गाडी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत हाकीत घेऊन गेला, आणि त्या वेळचे अमेरिकेतील रस्ते म्हणजे बव्हंशी चिखल आणि चाकोऱ्याच होत्या.

याच्या पुढचे पाऊल फ्रान्समध्ये जॉर्ज र्वा यांनी टाकले. १९२९ च्या सुमारास त्यांनी ‘माजेस्टिक’ या नावाने जी दुचाकी सादर केली तिचे छायाचित्र आजही एखाद्याला दाखवावे आणि साल ओळखण्यास सांगावे. बहुतेक लोक चुकतील. नळ्यांचा सांगाडा टाकून देऊन त्यांनी मोटारीसारखी दाबीव पत्र्याची चौकट घेतली, ती सरळ पुढे नेऊन पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतले, आणि इंजिनासकट सारे यंत्र पत्र्याच्या लांबट आवरणाखाली असे झाकले की बसणाऱ्याच्या कपड्यांना तेलाचा डाग लागू नये. माजेस्टिकमध्ये मला जी गोष्ट विशेष वाटते ती तिचे सौंदर्य नव्हे, तर तिचे तर्कशुद्ध असणे होय. तिथे एकही रेषा केवळ पाहणाऱ्यासाठी नाही. सायकलीला इंजिन जोडून मोटारसायकल झाली हा इतिहासाचा अपघात आहे, तो अपघात विसरून दोन चाकांवरचे वाहन नव्याने कल्पिले तर ते कसे होईल, असा प्रश्न र्वा यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर येईल तसे ते पत्र्यात उतरविले. १९३० च्या दशकाच्या आरंभीची मंदी आणि तिची किंमत यांनी तिचा निकाल लावला. थोड्याच गाड्या तयार झाल्या आणि १९३३ च्या सुमारास कारखाना त्या कामापुरता बंद पडला.

याच माजेस्टिकचे चित्र मी एकदा नाना पेठेतल्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखविले. दुचाकीच्या सुट्या भागांचा पुण्यातला तो जुना बाजार; तिथे चाळीस वर्षे पाने हाताळलेला हा गृहस्थ कोणत्याही वाहनाकडे डॉक्टर रुग्णाकडे पाहतो तसा पाहतो. त्याने चष्मा कपाळावर चढवून चित्र डोळ्यांजवळ नेले, पुढच्या चाकावर काळ्या बोटाचे टोक ठेवले आणि म्हणाला, “झकास आहे, साहेब. पण पंक्चर झालं तर हे चाक काढायचं कुठून?” सौंदर्यशास्त्रावरील पुष्कळ जाड ग्रंथांतून मला जे मिळाले नव्हते ते या एका प्रश्नातून मिळाले. दूर पल्ल्याच्या वाहनाची परीक्षा प्रदर्शनाच्या गालिच्यावर होत नाही. ती भर दुपारी, गावापासून दहा कोसांवर, चाकातली हवा गेल्यावर होते.

माजेस्टिकच्याच सुमारास बोहेमियात आल्बिन लीबिश ‘ब्यूमरलांड’ नावाची गाडी तयार करीत होता, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. सहाशे घनसेंटिमीटरांचे एकच सिलिंडर, ओतीव अॅल्युमिनियमची चाके, मागच्या चाकाच्या दोन बाजूंस पखालीसारख्या दोन टाक्या, आणि तीन माणसे एकामागे एक बसतील अशी लांबी! आपल्याकडे एका स्कूटरवर चार जणांचे कुटुंब नेण्याची जी कला आहे तिला लीबिशने १९२० च्या दशकातच कारखान्याची मंजुरी दिली होती असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कारखानदारांनी र्वा यांच्या प्रश्नाला पुन्हा हात घातला, तो सभ्य गृहस्थाच्या पोशाखाच्या बाजूने. फिलिप व्हिन्सेंट यांनी १९५४ च्या अखेरीस आपल्या हजार घनसेंटिमीटरांच्या दणकट यंत्राला फायबरग्लासची संपूर्ण झूल चढवून ‘ब्लॅक नाइट’ आणि ‘ब्लॅक प्रिन्स’ या गाड्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या. वर्षभरात, १९५५ च्या डिसेंबरात, त्या कारखान्याने मोटारसायकली करणेच थांबविले. रॉयल एनफील्डनेही ‘एअरफ्लो’ नावाची वाऱ्यापासून रक्षण करणारी ढाल याच दशकात विकून पाहिली. परंतु या साऱ्या प्रयत्नांत खरे मूलगामी काम ज्या गाडीने केले ती मुळीच भारदस्त नव्हती. १९५८ ची एरियल लीडर ही अवघ्या २४७ घनसेंटिमीटरांची टू-स्ट्रोक गाडी. व्हॅल पेज यांनी तिला दाबीव पत्र्याच्या पोकळ तुळईचा कणा दिला, पेट्रोल त्या कण्याच्या पोटात भरले, ते ओतण्याचे तोंड उचलत्या बैठकीखाली ठेवले, आणि जुन्या टाकीच्या जागी टाकीच्याच आकाराची सामानाची पेटी बसविली. म्हणजे गोल्ड विंगच्या सोळा वर्षे आधी खोट्या टाकीचा शोध लागलेला होता, आणि तिच्यात निदान डबा तरी ठेवता येत होता.

होंडाचा इतिहास मी थोडा सविस्तर सांगतो, कारण संकल्पना-वाहन म्हणजे काय असावे याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. १९७२ मध्ये शोइचिरो इरिमाजिरी यांच्या नेतृत्वाखाली त्या कारखान्याने एक प्रायोगिक गाडी बांधली. तिचे नाव नुसते एम-१. आडव्या मांडणीची सहा सिलिंडरे, १४७० घनसेंटिमीटर, साखळीऐवजी फिरता दांडा. ही गाडी विकण्यासाठी नव्हती, मिरविण्यासाठीही नव्हती. दूर पल्ल्याची श्रेष्ठ दुचाकी कशी असावी या प्रश्नाची ती एक लिखित रुजुवात होती. तिच्यावर बसून पाहिल्यावर कळले की सहा सिलिंडरांच्या लांबीपायी स्वाराला अवघडून बसावे लागते. म्हणून दोन सिलिंडरे कमी करण्यात आली, आणि १९७४ च्या ऑक्टोबरात कोलोन येथील प्रदर्शनात ९९९ घनसेंटिमीटरांची, पाण्याने थंड होणारी गोल्ड विंग जगापुढे आली. सोडलेली कल्पना मात्र दप्तरात बांधून ठेवली गेली. १९८८ च्या आवृत्तीत सहा सिलिंडरे परत आली आणि ती आजतागायत आहेत. संकल्पना-वाहन हे कारखान्याच्या विचाराचे खर्ड्याचे पान असावे, त्यावर खाडाखोड असावी, चूक असावी. सुवाच्य अक्षरात लिहून काढलेली नक्कल असू नये. एम-१ हे खर्ड्याचे पान होते.

अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या घरी परिस्थिती निराळी होती. तिथे वहिवाट हीच मालमत्ता. विली जी. डेव्हिडसन यांनी १९७१ च्या सुपर ग्लाइडला होडीच्या पार्श्वभागासारखी फायबरग्लासची शेपटी दिली, ती ग्राहकांनी एका वर्षात छाटून टाकविली. पुढे याच कारखान्याने पोर्शेच्या साहाय्याने चार सिलिंडरांचे ‘नोव्हा’ नावाचे इंजिन तयार करविले, पुष्कळ पैसा ओतला, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तंगीपायी तो प्रकल्प बरखास्त केला. त्या साऱ्या खटाटोपातून रस्त्यावर काय आले, तर वारा अडविणारी पुढची ढाल. ती १९८३ मध्ये जुन्याच पद्धतीच्या इंजिनाच्या एफएक्सआरटी या गाडीवर चढली. प्राण गेला आणि अंगरखा उरला. नोव्हा आता मिल्वॉकीच्या संग्रहालयात आहे.

आता चिमट्याकडे वळू. कारण टाकीचा प्रश्न लबाडीने सुटला, चिमट्याचा सुटता सुटत नाही. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना वाटेत खंबाटकीचा घाट लागतो. मागे माणूस बसलेला, दोन्ही बाजूंस सामानाच्या पिशव्या, आणि उताराच्या वळणावर समोर अचानक ट्रकचे मागचे लाल दिवे दिसले की आपण पुढचा ब्रेक आवळतो. तत्क्षणी गाडी नाक खाली घालते, पुढचे शॉकअप दाबले जाऊन तळाला टेकतात, मागचा माणूस आपल्या पाठीवर आदळतो, आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यात खड्डा आला तर तो गिळण्यासाठी शॉकअपमध्ये जागाच उरलेली नसते. असे होते याचे कारण सरळ आहे: चाक वळविणे, धक्का सोसणे आणि ब्रेकचा ताण पेलणे ही तीन खाती आपण त्याच दोन नळ्यांच्या माथी मारलेली आहेत. एका कारकुनाकडे वसुली, तपासणी आणि तिजोरी ही तिन्ही कामे दिली की कचेरीत जे होते तेच इथे होते. (मराठीत आकृतीलाही घाट म्हणतात आणि खिंडीलाही, दुचाकीच्या घाटाची परीक्षा खंबाटकीच्या घाटात होते, ही भाषेची सोय मला फार आवडते.)

यामाहाने १९८९ च्या टोकियो प्रदर्शनात ‘मॉर्फो’ नावाची जी संकल्पना मांडली तिने ही खाती वेगळी करण्याची प्रतिज्ञा केली होती. आणि १९९३ मध्ये, जेम्स पार्कर या अमेरिकन अभियंत्याने आखलेली पुढची यंत्रणा घेऊन, जीटीएस १००० ही दूर पल्ल्याची गाडी खरोखरीच विक्रीस आली. ग्रीक ओमेगा अक्षराच्या आकाराची चौकट, तिच्यातून पुढे आलेला एकच बाहू, आणि त्या बाहूच्या टोकाला एका अंगाने बसविलेले चाक, जे मोटारीच्या चाकासारखे एका बाजूने काढता येई. माझ्या नाना पेठेतल्या मिस्त्रीच्या प्रश्नाला माजेस्टिकनंतर साठ-पासष्ट वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय! ब्रेक मारला तरी नाक खाली जात नाही, ही प्रतिज्ञा तिने पाळली. परंतु ती महाग होती, जड होती, आणि ब्रेकबरोबर नाक खाली जाणे हीच आपल्याला मिळणारी सूचना आहे अशी सवय जडलेल्या स्वारांना ती मुकी वाटली. अमेरिकेत दोन वर्षांतच तिची विक्री थांबली. हिला मी पराभव म्हणत नाही. यामाहाने आपली संकल्पना प्रदर्शनातून उचलून, तिच्यातले सर्वांत अवघड अंग न कापता, दुकानात आणून ठेवली. ग्राहकाने ती घेतली नाही, हा ग्राहकाचा हक्क.

खाती वेगळी करण्याचे ते बीज मात्र वाया गेले नाही. नॉर्मन होसॅक यांनी पूर्वीच आखलेली, जुळ्या आडव्या बाहूंवर चाकाचा उभा चिमटा तोलणारी रचना बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये उचलली, आणि त्याच तत्त्वाची यंत्रणा होंडाने २०१८ च्या गोल्ड विंगला बसविली. चाक मागे न रेटता जवळजवळ सरळ वर जाऊ लागले, त्यामुळे इंजिन आणि स्वार दोघांनाही पुढे सरकविता आले, गाडी आटोपशीर झाली. शो-रूममध्ये ती पाहणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना हा बदल झाला आहे याचा पत्ताही लागत नसेल. गोल्ड विंगच्या घराण्याची ही रीतच आहे: जे क्रांतिकारक आहे ते झाकून ठेवायचे.

बैठकीविषयी थोडक्यात. पाय पुढे, पाठीला आधार आणि डोक्यावर छप्पर, अशी पालखीतल्यासारखी बैठक असावी, हे स्वप्न वारंवार पडलेले आहे. माल्कम न्यूवेल आणि केन लीमन यांची १९७० च्या दशकातील इंग्रज ‘क्वेझर’, रिलायंट मोटारीचे इंजिन लावलेली आणि छपराची, वीसेकच झाली. स्विसएअरचे वैमानिक आर्नोल्ड वाग्नर यांनी विमानाच्या धडासारखी पूर्ण बंद ‘इकोमोबील’ बांधली. थांबताना तिला दोन्ही बाजूंनी लहान चाके बाहेर काढावी लागतात. शर्यतपटू डॅन गर्नी यांनी आपल्या धिप्पाड देहाला शोभेल अशी, जमिनीलगत बसण्याची ‘अॅलिगेटर’ अवघ्या छत्तीस नगांत काढली. तिन्ही गाड्या बुद्धिमान आणि तिन्ही एकाकी. माणूस घोड्यावरून उतरला तरी खोगीर सोडावयास तयार नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि खोगिराचा विषय निघालाच आहे तर खोगीरभरतीविषयीही बोलले पाहिजे. आज संकल्पना-दुचाकी हा एक स्वतंत्र कलाप्रकार झालेला आहे, त्याला स्वतःचे कारागीर आहेत, स्वतःचे उत्सव आहेत, मिलानचे प्रदर्शन आहे, कोमो सरोवराकाठच्या व्हिला देस्तेच्या बागेतला सौंदर्यमेळा आहे. त्या बागेत बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये ‘कन्सेप्ट १०१’ मांडली: कॅलिफोर्नियाच्या महामार्गाचे नाव, सहा सिलिंडरे, कोरीव अॅल्युमिनियम, लाकूड, मागे उतरत गेलेली लांबलचक छायारेषा. कारागिरी वादातीत होती. परंतु दीड वर्षात तिच्यातून के १६०० बी ही जी गाडी निघाली ती पाहता, आधीच ठरलेल्या मालाला चढविलेला तो पैठणीचा पदर होता हे ध्यानात आले. २०१९ मध्ये त्याच बागेत ‘कन्सेप्ट आर १८’ आली. १९३६ च्या आर ५ या गाडीचे ते स्तोत्र. उघडा फिरता दांडा, काळा रंग, पांढरी रेघ, आणि दोन मोठे कार्बुरेटर. पुढच्या वर्षी ती विक्रीस आली तेव्हा उघडा दांडा राहिला, याबद्दल कारखान्याचे अभिनंदन केले पाहिजे; कार्बुरेटर अर्थातच गेले, कारण धुराच्या कायद्यापुढे कवित्व चालत नाही. पण मूळ आर ५ ही १६५ किलोंची, आपल्या काळाच्या पुढे गेलेली, सडपातळ गाडी होती. तिच्या नावाने आलेली आर १८ ही ३४५ किलोंची आहे. आजोबांचे स्मारक आजोबांच्या दुपटीहून जड झाले. पूर्वजांचा खरा वारसा पुढे पाहण्याचा होता आणि वंशजांनी मागे पाहणे म्हणजेच वारसा असे ठरविले, हा आर १८ वरचा माझा मुख्य आक्षेप आहे.

देवळात मूळमूर्ती अचल असते आणि पालखीतून मिरविण्यासाठी उत्सवमूर्ती वेगळी असते. आजची संकल्पना-दुचाकी ही उत्सवमूर्ती आहे. फरक एवढाच की गाभाऱ्यात काय आहे हे तिच्यावरून कळत नाही. याच बीएमडब्ल्यूने २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथे आपल्या शताब्दीनिमित्त ‘व्हिजन नेक्स्ट १००’ दाखविली: स्वतःचा तोल स्वतः सावरणारी, सांधेच नसलेल्या लवचीक चौकटीची, शिरस्त्राणाची गरज नाही असे म्हणणारी. मी तिच्याकडे कौतुकाने पाहिले, आणि तितक्याच सहजतेने विसरलो. शंभर वर्षांनंतरचे वचन देणाऱ्याला उद्या कुणी वसुलीला येत नाही.

याला अपवाद नाही असे नव्हे. होंडाने नव्या शतकाच्या आरंभी टी-२ या नावाने दाखविलेली सहा सिलिंडरांची क्रूझर पाहून लोकांनी ती हवी म्हणून धोशा लावला, आणि २००४ ची ‘रून’ म्हणून ती जवळजवळ जशीच्या तशी विकण्यात आली. मागे ओढलेल्या दुव्यावर झुलणारा तिचा विलक्षण पुढचा चिमटाही कापला गेला नाही. तिच्यात दिखाऊपणा पुरेपूर आहे. पण तो सचोटीचा दिखाऊपणा आहे. चित्रात दाखविले ते दुकानात दिले.

आपल्या दारची गोष्ट सांगावयाची तर आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये कावासाकीच्या मदतीने एलिमिनेटर आणि २००५ मध्ये अॅव्हेंजर काढून क्रूझर ही चीज मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या आवाक्यात आणली, ही लहान कामगिरी नव्हे. त्याच कारखान्याने २०१४ च्या दिल्लीजवळच्या वाहन प्रदर्शनात ‘सीएस ४००’ मांडली. नावातली अक्षरे क्रूझर आणि स्पोर्ट्स यांची. रुंद खांद्यांची टाकी, आखूड शेपटी, आणि पुढे उलट्या बसविलेल्या जाड नळ्यांचा चिमटा. २०१६ च्या डिसेंबरात तीच गाडी डॉमिनार ४०० या नावाने आली तेव्हा घाट बराचसा शाबूत होता, मात्र चिमटा साधा झालेला होता. उलटा चिमटा २०१९ च्या आवृत्तीत मिळाला. कारण उघड आहे, किंमत. दीड-दोन लाखांच्या हिशेबात प्रत्येक हजार रुपयाला बाब दाखवावी लागे, आणि तो हिशेब सांभाळून पाच वर्षांनी का होईना कारखान्याने शब्द पुरा केला. आता चेन्नईच्या झालेल्या रॉयल एनफील्डने २०१८ मध्ये मिलानला गर्डर पद्धतीच्या चिमट्याची, ८३८ घनसेंटिमीटरांची केएक्स दाखविली आणि ती तिथेच राहिली. २०२१ च्या ‘एसजी ६५०’ ची टाकी अॅल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून कोरलेली होती, आणि तिच्यावरून आलेल्या शॉटगनची नेहमीच्या पोलादी पत्र्याची. जगभर जे चालले आहे तेच इथेही आहे. केवळ आपली पोटे लहान म्हणून भूक स्पष्ट दिसते.

विजेच्या गाड्या आल्यावर टाकीचे काय होईल, याचे मला मोठे कुतूहल होते. कारण पेट्रोलच नाही म्हटल्यावर त्या जागेवर कोणताही आकार येऊ शकतो, १९२९ साली र्वा यांना मिळाली नव्हती एवढी मोकळीक आज एखाद्या तरुण अभिकल्पकाला आहे. हार्ले-डेव्हिडसनची लाइव्हवायर २०१४ मध्ये प्रयोग म्हणून आणि २०१९ मध्ये विक्रीसाठी आली. तिला टाकीचा उंचवटा आहे, आणि जिथे पेट्रोलचे झाकण असावयाचे नेमक्या तिथे, झाकणाखाली, विजेचा प्लग जोडण्याचे छिद्र आहे. एरियल लीडरच्या खोट्या टाकीत डबा मावत होता, गोल्ड विंगच्या खोट्या टाकीत किकची दांडी होती. ही तिसरी खोटी टाकी आता केवळ हाताला सवय आहे म्हणून आहे.

प्रदर्शने भरविणाऱ्यांस एक नम्र सूचना करून हा लेख संपवितो. संकल्पना-दुचाकीशेजारी जो फलक लावलेला असतो त्यावर अश्वशक्ती आणि कल्पनेचा उगम यांविषयी पुष्कळ मजकूर असतो. त्यात एक रकाना वाढवावा: पुढचे चाक काढण्यास लागणारा वेळ, मिनिटांत. नाना पेठेतला मिस्त्री तो रकाना वाचण्यासाठी पदरच्या पैशाने तिकीट काढून येईल, आणि त्याच्या मागोमाग मीही येईन.